निवड दिली, पण सल्ला कोण देणार?

बारावीचा निकाल लागला की आमच्या वस्त्यांमध्ये आठ दिवस आनंदीआनंद असतो. विहारात गुणवंतांचा सत्कार होतो. वह्या, पेन, बाबासाहेबांची तसबीर दिली जाते. चार वक्ते चार वेळा सांगतात की बाळांनो, खूप शिका. नवव्या दिवशी त्यातलाच एक मुलगा कॉलेजच्या खिडकीसमोर रांगेत उभा असतो आणि आतला कारकून मान वर न करता विचारतो, "मेजर कुठला? मायनर कुठला? ओपन इलेक्टिव्ह काय लिहू?" मुलाला काही कळत नाही. बाप सोबत आलेला असतो, पण तो दहावीच्या पुढे गेलेला नसतो. मागची रांग ओरडत असते. मुलगा पुढच्या मुलाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "यानं जे घेतलं तेच माझं लिहा."

पुढची तीन-चार वर्षे त्या बोटाने ठरतात.

खूप शिका हे सगळेच सांगतात. काय शिकायचे, कोणत्या क्रमाने शिकायचे, कुठला विषय सोडला तर पुढचा कुठला दरवाजा बंद होतो, नापास झाल्यावर शिष्यवृत्तीचे काय होते, हे सांगणारा मात्र कोणी नसतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांत हे काम करणारा पगारी माणूस असतो. त्याला अकॅडमिक ॲडव्हायझर म्हणतात. आपण त्याला अभ्यास-सल्लागार म्हणू. हा माणूस शिकवत नाही आणि परीक्षाही घेत नाही. मुलाला समोर बसवून त्याच्या शिक्षणाचा नकाशा काढून देणे एवढेच त्याचे काम असते. आमचे म्हणणे असे की आज महाराष्ट्रातल्या कॉलेजांत आमच्या पोरांना ज्याची सर्वात जास्त गरज आहे, तो हाच माणूस आहे आणि नेमका तोच नेमलेला नाही.

हा माणूस अमेरिकेत कुठून आला, ते आधी पाहिले पाहिजे. पूर्वी तिथल्या कॉलेजातही सर्वांना एकच ठरावीक अभ्यासक्रम असे. निवड नव्हती, म्हणून सल्ल्याचीही गरज नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी विद्यार्थ्यांना विषय निवडण्याची मोकळीक दिली. मोकळीक दिल्यावर विद्यार्थी गोंधळणार, हे तिथल्या लोकांच्या लक्षात आले आणि हार्वर्डने नवागतांसाठी सल्लागारांचे मंडळ नेमले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने तर त्याही आधी, १८७७ च्या सुमारास, प्राध्यापकांकडे ही जबाबदारी सोपवली होती. म्हणजे तिथे निवडीच्या मागोमाग सल्लागार आला.

आमच्याकडे निवड आली आणि सल्लागार यायचा राहिला. नवे शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झाले. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांमध्ये २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांमध्ये २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला त्याची अंमलबजावणी सुरू झाली. तेव्हापासून मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, ओजेटी अशी अक्षरांची जत्रा मुलांच्या अर्जावर भरलेली आहे. (ही अक्षरे वाचताना कित्येक प्राध्यापकांचीही गाडी अडते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.) प्रत्येक अक्षराला क्रेडिट आहेत. पहिल्या वर्षाअखेर ४० ते ४४ क्रेडिट झाले की सर्टिफिकेट, दुसऱ्या वर्षाअखेर ८० ते ८८ झाले की डिप्लोमा, तिसऱ्या वर्षी पदवी, चौथ्या वर्षी ऑनर्स. मध्येच बाहेर पडायचे असेल तर वर चार क्रेडिटचे कौशल्याचे काम करावे लागते. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत यायचे आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची. संशोधनासह ऑनर्स हवे असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के गुण हवेत.

आता सांगा, ही सगळी गणिते नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराने करायची की शेतात खुरपणाऱ्या आईने? ज्यांच्या घरात आजोबाही पदवीधर, काका प्राध्यापक, मावशी बँकेत, त्या घरात सल्लागार जेवणाच्या ताटावरच बसलेला असतो. तिथल्या मुलाला कॉलेजने सल्लागार दिला काय आणि न दिला काय, काही बिघडत नाही. बिघडते ते पहिल्या पिढीतल्या मुलाचे. म्हणून या प्रश्नाकडे कॉलेजची एक सोय म्हणून पाहून चालणार नाही. हा समतेचा प्रश्न आहे.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिजीवनाकडे या नजरेने पुन्हा एकदा पाहावे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुण मिळवून. आजच्या गुणवंत सत्काराच्या यादीत या गुणांना कदाचित जागा मिळाली नसती! सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले. पण गुरुजी सत्कारापाशी थांबले नाहीत. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी आधीच हेरला होता, त्याला ते पुस्तके देत होते. इंटर झाल्यावर पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा ते त्याला घेऊन महाराज सयाजीराव गायकवाडांकडे गेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. मुलगा हेरणे, त्याला वाचन सुचवणे, पैशाची अडचण वेळेवर ओळखणे आणि योग्य दारापर्यंत स्वतः सोबत जाणे, अभ्यास-सल्लागाराचे काम यापेक्षा वेगळे काय असते?

त्याच काळातला दुसरा अनुभवही विसरता कामा नये. शाळेत त्यांना संस्कृत शिकायची होती. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवणार नाही म्हणून ती नाकारली गेली आणि नाइलाजाने पर्शियन घ्यावी लागली. विषयनिवडीत जात कशी आडवी येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या बळावर शिकून घेतली, तो भाग निराळा.

१९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तिथे त्यांना रोखणारे कोणी नव्हते. त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले, शिवाय फ्रेंच आणि जर्मनचा प्रत्येकी एक. आजच्या भाषेत बोलायचे तर अर्थशास्त्र मेजर, इतिहास मायनर! जातीचा उगम शोधायला मानववंशशास्त्र उपयोगी पडले आणि मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. प्रा. सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवणाऱ्या प्रा. फॉक्सवेल यांना या विद्यार्थ्याची शिफारस करणारे पत्र लिहिले. एका संस्थेचा गुरू दुसऱ्या संस्थेच्या दारापर्यंत विद्यार्थ्याला पोहोचवतो, तो असा.

यातला सर्वात महत्त्वाचा प्रसंग १९१७ सालचा आहे आणि तो आमच्या जयंतीच्या भाषणांत फारसा येत नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. आजच्या धोरणाच्या भाषेत त्यांनी 'एक्झिट' घेतली. पण निघण्यापूर्वी त्यांनी प्रा. कॅनन यांच्या शिफारशीने ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी मिळवली होती. १९२० मध्ये ते परत गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. आणि त्याच दरम्यान बॅरिस्टर. बाहेर पडताना परतीची तारीख आणि परतीचा कागद हातात असला तर काय घडते, हे इतिहासाने दाखवले आहे. आज आमचा जो मुलगा पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन पुण्याच्या कंपनीत कंत्राटी कामाला जातो, त्याला परतीची मुदत तीन वर्षे आहे हे कोणी सांगितलेले असते काय? ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांच्यासाठी मधले दार ही लवचीकता आहे. आमच्यासाठी ते बाहेर जायचेच दार ठरण्याची भीती आहे. त्या दाराशी उभा राहून, "बाबा, का चाललास? पैसे कमी पडले की विषय झेपेना?" असे विचारणारा एक माणूस तरी हवा.

असा माणूस नेमला तर फरक पडतो काय? अमेरिकेतल्या अटलांटा शहराचे उदाहरण पाहू. मार्टिन ल्यूथर किंग यांचे हे गाव. तिथल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेशच नव्हता. पुढे प्रवेश मिळाला, पण २००३ च्या सुमारास तिथल्या दर शंभर विद्यार्थ्यांपैकी साधारण ३२ जणच सहा वर्षांत पदवी पुरी करत. विद्यापीठाने २०१२ पासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतीवर रोज नजर ठेवणारी संगणकीय व्यवस्था उभी केली. चुकीचा विषय घेतला, पायाभूत विषयात कमी गुण पडले, नोंदणी राहिली, अशा सुमारे ८०० प्रकारच्या धोक्यांची सूचना ती देते. पण संगणकाने सूचना दिली तरी फोन माणसालाच करावा लागतो. म्हणून ४२ नवे सल्लागार नेमले आणि साधारण ३०० विद्यार्थ्यांमागे एक सल्लागार असे प्रमाण आणले. थोड्याशा थकीत फीपायी नाव कटणाऱ्या मुलांना छोटी मदतही सुरू केली. दशकभरात पदवी पुरी करणाऱ्यांचे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास गेले आणि काळे विद्यार्थी पदवी मिळवण्यात इतरांच्या बरोबरीला आले. विद्यार्थ्यांत काही खोट नव्हती, खोट व्यवस्थेत होती, एवढे त्या विद्यापीठाने कबूल केले आणि तिथून सुरुवात झाली.

आमच्याकडे हे कबूल करायची तयारी नाही. इथे मुलगा मागे पडला की त्याच्या राखीव जागेकडे बोट दाखवले जाते. २०१५ साली आयआयटी रुरकीने पहिल्या वर्षाअखेर किमान गुणांक न गाठलेल्या ७३ विद्यार्थ्यांना एका फटक्यात काढून टाकले. त्यात बहुसंख्य विद्यार्थी राखीव प्रवर्गातले होते. प्रकरण न्यायालयात गेले, आरडाओरडा झाला, मग संस्थेने त्यांना आणखी एक संधी दिली. आमचा प्रश्न साधा आहे. पहिल्या सेमिस्टरचे गुण हाती आले तेव्हाच या ७३ जणांना कोणी बोलावून बसवले असते तर ही पाळी आली असती काय? त्याआधी २००७ मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या एम्समधील भेदभावाचा अहवाल दिला होता. शिक्षकांकडून पुरेसे साह्य मिळत नाही, असे तिथल्या अनुसूचित जाती-जमातीच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी समितीला सांगितले होते. अहवाल आला, बातम्या झाल्या, फाइल कपाटात गेली.

कोणी म्हणेल, आमच्या कॉलेजात मेंटॉर आहेत. आहेत, कागदावर जरूर आहेत. नॅकच्या मूल्यांकनात किती विद्यार्थ्यांमागे एक मेंटॉर हे विचारले जाते, म्हणून प्रत्येक कॉलेजात मेंटॉर-मेंटीचे रजिस्टर असते. नॅकची समिती यायच्या आधीच्या आठवड्यात ते एका बैठकीत, एकाच शाईने भरले जाते. मुलाला विचारा, तुझा मेंटॉर कोण? त्याला नाव सांगता येत नाही. प्राध्यापकांनाही आम्ही पूर्ण दोष देणार नाही. कित्येक पदे रिकामी आणि तासिका तत्त्वावर राबणारा तरुण प्राध्यापक, जो बरेचदा आपलाच असतो, सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात धावतो. तो कुणाला बसवून नकाशा काढून देणार?

आमच्या परिचयातल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. बी.ए. ला विषय घेतले ते मित्राने घेतले म्हणून. तीन वर्षांनी कळले की त्याचा खरा कल हिशेबाकडे आहे. हुशार पोरगा. त्याने जिद्दीने बी.कॉम. ला नाव घातले. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला तेव्हा समजले की भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एक टप्पा पुरा करून त्याच टप्प्यावरचा दुसऱ्या शाखेचा अभ्यासक्रम घेतला, म्हणजे बी.ए. नंतर बी.कॉम. केले, तर शिष्यवृत्ती मिळत नाही. नियम जुना आहे, छापील आहे. बारावीनंतर कुणीतरी अर्धा तास त्याच्याशी बोलले असते तर तो थेट कॉमर्सला गेला असता. निदान बी.ए. नंतर शिष्यवृत्ती बसेल असा पुढच्या टप्प्याचा अभ्यासक्रम त्याला दाखवता आला असता. फी थकली, कॉलेजने मूळ कागद अडकवले. आज तो कुरिअरच्या गोदामात रात्रपाळी करतो. त्याची चार वर्षे कुणी खाल्ली? कुठल्या पुस्तकात लिहिले नाही, म्हणून याला अत्याचार म्हणत नाहीत.

अशा किती गोष्टी सांगाव्यात! जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाकायला हवा होता, हे व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशाच्या आदल्या दिवशी कळते. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे, हे दुसऱ्या वर्षी कळते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती राज्यात २००३ पासून आहे, वर्षाला ७५ जागा आहेत, पण तिची तयारी पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून करावी लागते, हे एम.ए. झाल्यावर कळते. नेटसाठी राखीव प्रवर्गाला पदव्युत्तरला ५० टक्के लागतात, हे ४९ टक्के पडल्यावर कळते. माहिती सगळी आहे, सरकारी संकेतस्थळांवर पडलेली आहे. फक्त वेळेवर पोहोचत नाही.

इथे एक सावधगिरीची गोष्ट लिहिणे भाग आहे. सल्लागार नेमा म्हटले की कोणालाही नेमून चालणार नाही. "तुला सायन्स झेपणार नाही, आर्ट्सला जा," "इंग्रजी माध्यम तुमच्यासाठी नाही," "एवढ्या मोठ्या कोर्सपेक्षा आयटीआय कर, लवकर कमावशील," असले सल्ले आमच्या पिढ्यांना फुकट मिळालेले आहेत. आयटीआय वाईट नाही, पण आमच्याच पोराला ते आधी का सुचते? अमेरिकेत माल्कम एक्स शाळेत वर्गातल्या हुशार मुलांपैकी होते. वकील व्हायचे म्हणाले तेव्हा शिक्षकाने त्यांना सुतार होण्याचा सल्ला दिला. आमच्या बाबासाहेबांना संस्कृतऐवजी पर्शियन मिळाली, त्याचीच ही दुसरी आवृत्ती. म्हणून सल्लागाराने दिलेला सल्ला लेखी असावा, मुलाने पालकांना दाखवावा, पटला नाही तर दुसऱ्याकडे जाण्याची सोय असावी. आणि या जागा भरताना पहिल्या पिढीत शिकून वर आलेली माणसे घ्यावीत, कारण अर्जापुढे उभे राहिल्यावर पोटात उठणारा गोळा त्यांनी स्वतः अनुभवलेला असतो.

विद्यार्थी संघटनांनी विद्यापीठांकडे आता हीच मागणी लावून धरली पाहिजे. प्रत्येक कॉलेजात पूर्णवेळ, पगारी अभ्यास-सल्लागार हवा. प्राध्यापकाच्या डोक्यावर टाकलेले जादा काम म्हणून नको. प्रवेशाआधी प्रत्येक मुलाची एक भेट, प्रत्येक सेमिस्टरच्या निकालानंतर दुसरी आणि जो बाहेर पडतो आहे त्याची सक्तीची भेट. क्रेडिटची बँक उघडायला पैसे मिळाले, मग ती बँक वापरायची कशी हे सांगणाऱ्या माणसाच्या पगारालाच पैसे नाहीत, असे कसे?

सरकार देईल तेव्हा देईल. तोवर आम्ही काय करणार? जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढा खर्च होतो, त्यावर बोलून आम्ही थकलो, आज बोलत नाही. पण आपल्या प्रत्येक तालुक्यात निवृत्त प्राध्यापक आहेत, मुख्याध्यापक आहेत, बँकेतले, एलआयसीतले, महसुलातले अधिकारी आहेत. स्पर्धा परीक्षेची मोफत शिबिरे आपण भरपूर घेतो. ती पदवीनंतरची गोष्ट. त्याआधीच्या तीन वर्षांत जे पोर गळून जाते त्याच्यासाठी मे-जून महिन्यांत विहारात एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडायला काय हरकत आहे? त्या टेबलावर विद्यापीठाचे परिपत्रक, शिष्यवृत्तीचे नियम आणि एक कोरी वही असावी. एवढे पुरते. मिलिंद महाविद्यालय १९५० साली उभे राहिले तेव्हा खेड्यातून आलेल्या, बूट न घातलेल्या पोरांना कुठे बसायचे, काय वाचायचे हे सांगणारी माणसे तिथे होती, म्हणून त्या पिढीतून लेखक निघाले, प्राध्यापक निघाले, अधिकारी निघाले.

गेल्या जूनमध्ये आमच्या इथे आम्ही असे टेबल मांडले. पहिल्या रविवारी तीन मुले आली, चौथ्या रविवारी एकेचाळीस. त्या कुरिअरवाल्या मुलाची धाकटी बहीण त्यात होती. भावाने सुट्टी टाकून तिला स्वतः आणले. तिला भूगोल हवा होता. कॉलेजने मायनरला भूगोलाची जागा शिल्लक नाही म्हणून दुसरा विषय लिहून दिला होता. आम्ही तिच्यासोबत दीड तास बसून सहाही सेमिस्टरचा तक्ता वहीत मांडला, शिष्यवृत्तीच्या तारखा समासात लाल शाईने लिहिल्या. सोमवारी तिघे जण तिच्यासोबत प्राचार्यांकडे गेलो. विषय बदलून मिळाला. वही तिच्याकडे आहे, आणि दर सेमिस्टरच्या निकालानंतर ती घेऊन यायचे असे तिला बजावले आहे.